विश्लेषण : बॅकअप आहे, पण डेटा किती तासांत परत येणार?

सातबारा, पीककर्जाचे खाते, पतसंस्थेतील ठेव, रुग्णालयातील केसपेपर हे सारे आता सर्व्हरवर आहे. तो सर्व्हर जळाला, बुडाला किंवा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला तर काय, या प्रश्नाला 'बॅकअप आहे' एवढेच उत्तर पुरेसे का नाही?

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत तलाठी कार्यालय, सेतू केंद्र, बँक किंवा पतसंस्थेच्या खिडकीवर हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळाच. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी काम होतेही. पण एखाद्या दिवशी सर्व्हर नुसता बंद नसेल, त्यातला डेटाच गेलेला असेल. त्या दिवसासाठी खिडकीमागे काय तयारी आहे, असे विचारले तर 'बॅकअप घेतलेला असतो' हे ठरलेले उत्तर मिळते.

उत्तर खोटे नसते, अर्धवट असते. बॅकअप म्हणजे घरात ठेवलेले बियाणे. ते उगवते का, किती दिवसांत उगवते आणि पेरणीच्या वेळेला हाताशी असते का, हे त्याच्या असण्यावरून कळत नाही. मोठ्या डेटाच्या बाबतीत नेमके हेच तपासायचे राहून जाते.

बॅकअप असूनही दोन आठवडे का लागतात?

दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअर हल्ला झाला. या प्रकारात हल्लेखोर डेटा चोरून नेतातच असे नाही. ते तो सांकेतिक भाषेत कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. 'एम्स'चे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. सुदैवाने एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता आणि त्यावरून ई-हॉस्पिटल प्रणालीचा सर्व डेटा परत मिळाला. तरीही रुग्णनोंदणी, भरती, डिस्चार्ज या सेवा बहुतांशी पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तोवर कारभार कागदावर चालला.

१.३ टेराबाइट म्हणजे किती? खामगाव किंवा चिखलीच्या संगणक दुकानात मिळणाऱ्या, खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर तो बसतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून तो तीन तासांच्या आत उतरवता येतो. मग तीन तासांचे दोन आठवडे कसे झाले? कारण अशा प्रसंगी नक्कल उतरवणे हा कामाचा सर्वात छोटा भाग असतो. हल्लेखोर जाळ्यात अजून दडून बसलेला नाही ना याची खात्री करावी लागते. सर्व्हर नव्याने उभारावे लागतात, त्याला जोडलेले संगणक एकेक करून तपासावे लागतात, परत आलेला डेटा जुळतो का ते पाहावे लागते आणि मगच सेवा क्रमाने सुरू करता येतात. हा क्रम आधी ठरलेला नसेल तर तो संकटाच्या मध्यात ठरवावा लागतो. वेळ जातो तो तिथे.

महाराष्ट्रात असे घडले आहे का?

घडले आहे. २१ मार्च २०२१ रोजी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे 'एमआयडीसी'च्या, प्रणाली बंद पडल्या. रॅन्समवेअरने क्लाउडवरील तसेच महामंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरना ग्रासले होते. राज्यभरातील प्रादेशिक कार्यालयांचे ऑनलाइन काम ठप्प झाले. महामंडळाला तारले ते एका गोष्टीने. बॅकअपच्या फायली जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या आणि तिथवर संसर्ग पोहोचला नव्हता.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी 'नोटपेट्या' या घातक प्रणालीने मेर्स्क या जागतिक जहाज कंपनीला गाठले, तेव्हा नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही थंडावले. कंटेनर उभे, ट्रक रांगेत आणि कोणता माल कुणाचा हे सांगणारी यंत्रणा गप्प. मेर्स्कने पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण ते शक्य झाले एका योगायोगामुळे. कोणता वापरकर्ता कोण आणि त्याला कुठे प्रवेश आहे, ही जाळ्याची मुख्य नोंदवही ज्या सर्व्हरांवर होती ते जगभर एकमेकांची नक्कल ठेवत होते, आणि सगळे एकाच फटक्यात पुसले गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाला कंटाळलेल्या विदर्भातील वाचकाला यात गंमत वाटेल. पण लाखो कंटेनरांचा कारभार घानातल्या वीजकपातीवर तरला, याचा अर्थ नियोजनात मोठे भोक होते.

आपल्या अधिक जवळचा प्रसंग ३१ जुलै २०२४ चा. टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी असलेल्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचे सावट आले. ही कंपनी मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिची जोडणी तोडली आणि देशातील जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम असे व्यवहार अडले. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. इथे दिवसभरात भागले. पण गावातल्या बँकेच्या दारात काहीही बिघडलेले नसताना, शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरमुळे तिचा ग्राहक अडकू शकतो, हे त्या दिवशी उघड झाले.

'डेटा वेअरहाउस' म्हणजे काय?

शब्दशः, माहितीचे गोदाम. रोजचा व्यवहार चालतो तो दुकानाच्या गल्ल्यावर: पैसे भरले, काढले, फेरफार नोंदवला, वीजबिल निघाले. या सगळ्या गल्ल्यांवरची माहिती रात्री एका मोठ्या साठ्यात आणून वर्षानुवर्षे जपली जाते. कोणत्या तालुक्यात किती पीककर्ज थकले, कोणत्या गावात सोयाबीनचा पेरा वाढला, एकाच योजनेचा लाभ दोनदा कुणी घेतला, ही उत्तरे या गोदामातून निघतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, कर्जमाफीच्या याद्या, पीकविम्याचे दावे या सगळ्यांच्या मागे अशीच गोदामे असतात.

गल्ल्यापेक्षा गोदामाचा बॅकअप वेगळा विषय आहे, कारण त्याचा आकार. गल्ल्याचा डेटा गिगाबाइटमध्ये मोजतात. गोदामाचा दहा, शंभर, कधी हजार टेराबाइटपर्यंत जातो. लहान दुकानाला जी पद्धत पुरते ती इथे लावली तर बॅकअप घ्यायलाच रात्र अपुरी पडते, आणि परत आणायला आठवडा.

मग नियोजन कुठून सुरू करायचे?

दोन आकड्यांपासून. पहिला : सेवा बंद पडल्यापासून किती वेळात परत सुरू झाली पाहिजे? दुसरा : किती वेळचा डेटा गेला तर चालेल? तंत्रज्ञ पहिल्याला आरटीओ म्हणतात (परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही) आणि दुसऱ्याला आरपीओ. पहिला आकडा वेळेचा, दुसरा नुकसानीचा.

रोज रात्री बारा वाजता बॅकअप होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सर्व्हर गेला, तर मधल्या अठरा तासांच्या नोंदी गेल्या. संशोधनाच्या अहवालासाठी हे चालेल. ठेवीच्या खात्यासाठी चालणार नाही.

हे आकडे तंत्रज्ञाने ठरवायचे नसतात. ते संचालक मंडळाने, विभागप्रमुखाने ठरवायचे असतात, कारण त्यामागे पैसा आणि लोकांची गैरसोय आहे. आणि ते बारमाही एकच नसतात. मृगाच्या तोंडावर कर्जवाटप चालू असताना किंवा खरीप पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना एक दिवसाचा खोळंबा शेतकऱ्याला हंगामभर भोवू शकतो. तोच खोळंबा एरवी एखाद्या आठवड्यात सोसता येतो. चांगल्या योजनेत गावाचे हे कॅलेंडर लिहिलेले असते.

हिशेब काय सांगतो?

समजा, गोदामात १०० टेराबाइट डेटा आहे. बॅकअप दूरच्या केंद्रात असून जोडणी सेकंदाला एक गिगाबिट वेगाची आहे. जोडणी पूर्ण वेगाने, अखंड चालली तरी तो परत यायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. जोडणी दहापट वेगाची केली तर सुमारे २२ तास. चुंबकीय फितीवर, म्हणजे टेपवर, साठवलेला असेल तर? एलटीओ-९ प्रकारची एक टेप १८ टेराबाइट धरते आणि ती पूर्ण वाचायला साधारण साडेबारा तास लागतात. एकाच यंत्रावर १०० टेराबाइट वाचायला जवळपास तीन दिवस. चार यंत्रांवर समान वाटून एकाच वेळी वाचला तर साडेसतरा तासांच्या आसपास.

हा नुसता वाहतुकीचा वेळ आहे. त्यानंतरच्या नोंदी चढवणे, शोधसूची पुन्हा बांधणे, तपासणी हे वेगळे. म्हणून कुणी 'आमचा सगळा डेटा क्लाउडवर सुरक्षित आहे' असे सांगितले की लगेच विचारायला हवे : किती टेराबाइट, आणि कोणत्या वेगाने परत येणार? हा भागाकार पाचवीतल्या मुलालाही जमेल. तो आधी केला जात नाही, एवढेच.

सातबारा आणि फेरफार हे उदाहरण का उपयोगी आहे?

डेटा परत उभा करण्याची मूळ कल्पना आपल्या महसुली दप्तरात पूर्वीपासून आहे. सातबारा आजची स्थिती सांगतो : जमीन कुणाची, किती, बोजा कुणाचा. ही स्थिती कशी आली ते फेरफार नोंदवही सांगते : वारस लागला, खरेदी झाली, कर्ज चढले, कर्ज उतरले. एखादा सातबारा फाटला, पण दहा वर्षांपूर्वीची त्याची प्रत आणि त्यानंतरचे सगळे फेरफार क्रमाने हाताशी असतील, तर आजचा सातबारा पुन्हा लिहिता येतो.

संगणकातही हेच होते. ठरावीक काळाने पूर्ण बॅकअप घेतात, तो जुना सातबारा. मधल्या प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या नोंदवहीत होत राहते, ते फेरफार. संकट आले की पूर्ण बॅकअप उतरवायचा आणि त्यावर नोंदवहीतले बदल क्रमाने चढवायचे. बिघाडाच्या मिनिटभर आधीपर्यंतची स्थितीही अशी मिळवता येते.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, फेरफारांची वही मूळ दप्तराच्याच कपाटात ठेवून उपयोग नाही. दोन्ही एकदम जळतात. दोन, पूर्ण बॅकअप फार जुना असेल तर चढवायचे फेरफार वाढतात आणि परत येण्याचा वेळही वाढतो. तीन, आणि ही मोठ्या गोदामांची खास अडचण आहे : रात्री घाऊक माल भरताना वेग मिळावा म्हणून अनेक ठिकाणी फेरफार लिहिणेच टाळतात. ते चालते, पण मग त्या रात्री आलेल्या मूळ फायली पुढचा बॅकअप होईपर्यंत जपून ठेवाव्या लागतात. त्या पुसल्या आणि नेमक्या त्याच दिवशी बिघाड झाला, तर त्या रात्रीचा माल कोणत्याही वहीत सापडत नाही.

सगळे गोदाम एकदमच परत आणायचे का?

नाही. वेळ वाचवण्याची सर्वात मोठी किल्ली इथे आहे. जुन्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कीर्द, खतावणी आणि तेरीज वेगवेगळी असते. तेरीज हरवली तर खतावणीवरून पुन्हा काढता येते. कीर्द हरवली तर काहीच काढता येत नाही. डेटाच्या गोदामातही अहवाल, सारांश, बेरजेचे तक्ते मोठी जागा व्यापतात. मूळ नोंदी शाबूत असतील तर ते पुन्हा तयार होतात. त्यांचा बॅकअप रोज घेत बसण्याने वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

दुसरी वाटणी वर्षांची. २०१८ चे व्यवहार आता बदलणार नाहीत. ते वर्ष बंद करून, 'फक्त वाचण्यासाठी' असे कुलूप लावून त्याचा बॅकअप एकदाच नीट घेतला, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आणि अधूनमधून वाचून पाहिल्या, की रोजच्या कामातून ते वजन उतरते. उरतो तो चालू वर्षाचा भाग. मघाच्या १०० टेराबाइटमध्ये चालू वर्षाचा वाटा १० टेराबाइट असेल, तर दहा गिगाबिटच्या जोडणीवर तो सव्वादोन तासांत उतरतो. तेवढ्यावर खिडकी उघडता येते. जुनी वर्षे मागून, लोकांना न अडवता, भरत राहतात.

थोडक्यात, घराला आग लागली की आधी काय बाहेर काढायचे ते आगीपूर्वीच ठरलेले असावे. खातेदारांची यादी आणि शिल्लक पहिल्या तासात, चालू वर्षाचे व्यवहार त्याच दिवशी, जुनी वर्षे आठवड्यात, अहवाल सवडीने. हा क्रम एका पानावर मावतो. ते पान कागदावर छापलेले असावे, कारण गरज पडेल तेव्हा संगणक बंद असेल.

बॅकअपच निकामी निघाला तर?

तसेही घडते. गिटलॅब या संगणक अभियंत्यांच्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. प्रत्यक्षात नियमित बॅकअपची जागा रिकामी निघाली, कारण आवृत्ती न जुळल्याने तो होतच नव्हता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली. ती संथ डिस्कवर असल्याने उतरवायला सुमारे १८ तास लागले, आणि मधल्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला. ही गत तंत्रज्ञांच्याच कंपनीची.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांमुळे आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी 'जी-ड्राइव्ह' ही साठवण जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट डेटा होता आणि बाहेर कुठेही प्रत नव्हती. आकार फार मोठा असल्याने बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असे कारण देण्यात आले. जगातील सर्वात पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी एकाची ही कथा. डेटा मोठा आहे म्हणून बॅकअप नाही, हे कारण ऐकू आले की समजावे, नियोजन झालेलेच नाही.

यावरचा सर्वमान्य तोडगा तीन-दोन-एक या नावाने ओळखला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. रॅन्समवेअरच्या काळात त्याला जोड हवी ती अशा एका प्रतीची, जी ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच, अगदी मुख्य तंत्रज्ञालाही, बदलता किंवा पुसता येणार नाही. दुसरे गाव म्हणजे खरोखर दुसरे गाव. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आलेला पूर आठवला तर एकाच नदीकाठच्या दोन इमारती म्हणजे दोन ठिकाणे नव्हेत, हे वेगळे सांगायला नको.

नियम काय सांगतात?

बँकांसाठी नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देश व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांना सांगतात की, महत्त्वाच्या प्रणालींसाठी आपत्कालीन केंद्रावरून काम चालवून पाहण्याचा सराव किमान सहा महिन्यांतून एकदा करा, सेवा कमीत कमी वेळात परत आणा आणि डेटाचे नुकसान शून्याच्या जवळ ठेवा. नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची वेगळी चौकट ३१ डिसेंबर २०१९ रोजी आली.

पतसंस्था मात्र बँका नाहीत. त्या सहकार खात्याच्या, बहुराज्यीय असतील तर केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येतात. बुलढाणा हा पतसंस्थांचा जिल्हा आहे. १९८६ साली इथे सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनचा विस्तार आज अनेक राज्यांत आहे आणि धान्याच्या गोदामांवर कर्ज देण्याच्या कामासाठी ती ओळखली जाते. मोठ्या संस्थांना तंत्रज्ञानावर खर्च परवडतो. प्रश्न तालुक्याच्या गावातील, एक संगणकवाला आणि एक बाहेरचा सॉफ्टवेअर पुरवठादार यांच्यावर विसंबलेल्या संस्थांचा आहे. पतसंस्थेतील ठेवीला बँकेसारखे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. तिथे खातेदाराची नोंद हाच त्याचा आधार, आणि बँकांना बांधणारे सरावाचे नियम नेमके तिथेच लागू होत नाहीत.

नोंद किती मोलाची असते हे मलकापूरने पाहिले आहे. मलकापूर अर्बन को-ऑप. बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, ठेवी काढण्यावर दहा हजार रुपयांची मर्यादा आली आणि जुलै २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. तो प्रश्न आर्थिक होता, डेटाचा नव्हता. पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची दाव्यासह यादी द्यायची आणि एकूण ९० दिवसांत विम्याची पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळायची, अशी व्यवस्था आहे. म्हणजे संस्था अडचणीत आली की लोकांचा पैसा एका यादीवर येऊन ठरतो. ती यादी अचूक आणि लगेच निघणारी हवी.

आणखी दोन नियम सर्वांना लागू आहेत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत, डेटा हातचा गेला तरी काम चालू राहावे यासाठी बॅकअपसह उपाय करण्याची जबाबदारी आहे. ही तरतूद अठरा महिन्यांनी लागू होते. तेवढी मुदत तयारीसाठी पुरेशी आहे, पुढे ढकलण्यासाठी नाही.

आता काय व्हायला हवे?

सराव आणि त्याचा जाहीर निकाल. अग्निशमन सिलिंडरवर जशी शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते, तशी लोकांचा डेटा सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सूचनाफलकावर आणि वार्षिक अहवालात एक ओळ छापावी : बॅकअपवरून डेटा प्रत्यक्ष परत आणण्याचा शेवटचा सराव कधी झाला, किती तास लागले, किती वेळच्या नोंदी कमी भरल्या. यात कोणतेही गुपित उघड होत नाही. सर्व्हर कुठे आहे, पासवर्ड काय आहे, हे कुणी विचारत नाही.

सहकार खात्याने लेखापरीक्षणात ही एक ओळ बंधनकारक करावी. लहान पतसंस्थांना स्वतंत्र केंद्र परवडणार नाही, तर जिल्हा फेडरेशनने मिळून एक दूरची प्रत ठेवण्याची सोय करावी. आठ-दहा संस्था मिळून धान्याचे गोदाम भाड्याने घेऊ शकतात, तर डेटाचे का नाही? सराव खर्चिक असतो, असे म्हटले जाते. आठवड्यातून एक खाते, महिन्यातून एक शाखा, वर्षातून एकदा सगळे, असा चढता सराव केला तर तो रोजच्या कामात बसतो. सॉफ्टवेअर पुरवठादाराशी होणाऱ्या करारातही 'बॅकअप घेतला जाईल' या मोघम वाक्याऐवजी 'इतक्या तासांत परत उभा करून दिला जाईल, अन्यथा इतका दंड' असे लिहिले पाहिजे.

सरकारी विभागांनाही हे लागू आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर आले. कागदाचे दप्तर तालुक्यातालुक्यांत विखुरलेले होते. एक जळाले तरी बाकीचे राहायचे. संगणकीकरणाने सोय झाली तसा धोकाही एका जागी गोळा झाला. तिथल्या सरावाचा निकाल नागरिकांना कळण्याचा हक्क आहे.

सामान्य सभासदाच्या हातीही काही आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. लाभांश आणि भेटवस्तूच्या चर्चेत दोन मिनिटे काढून अध्यक्षांना तीन प्रश्न विचारावेत. सर्व्हर गेला तर किती तासांत खाते पुन्हा दिसेल? कुठपर्यंतच्या नोंदी परत येतील? हे शेवटचे करून कधी पाहिले? पहिल्या दोन प्रश्नांना आकडा आणि तिसऱ्याला तारीख मिळाली तर टाळ्या वाजवाव्यात. 'काळजी करू नका, बॅकअप आहे' असे उत्तर आले, तर तेच इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारावे. तोवर आपल्या पासबुकावर छापील नोंद करून घेण्याचा आळस करू नये. ती आपल्या घरची, दुसऱ्या गावची प्रत आहे.